फाटकाशी उभा होतो

अल मजाज, शारजा
१२ ऑक्टोबर २०२४

ती. ठकुताईस,
धाकट्या भिकाजीचा सा. न. वि. वि.

हे पत्र शेजारच्या फिलोमिनाबाईंकडे देतो आहे. त्या वसईला चालल्या आहेत, तिथून पोस्टात टाकतील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि इथून पत्र टाकायला मिथुन घाबरतो. म्हणतो, बाबा, या देशात पक्षबिक्ष लिहू नका, माझा व्हिसा आहे, नोकरी आहे. माझा पासपोर्टही त्याच्याच कपाटात असतो. चौदाव्या मजल्यावरून खालचं पाणी छान दिसतं, पण खाली उतरायचं तर अस्मी सोबत लागते. आपली नात कानात गाण्याचं यंत्र घालून बसते आणि नॉट नाऊ म्हणते.

विशेष कारण असं, की शाखेची सेक्रेटरी संजना, म्हणजे आपल्या शेवंताची नात, हिचा मिथुनच्या फोनवर निरोप आला. शाखेला पन्नास वर्षं होतात म्हणून जुने ठराव तपासायला काढले आहेत. १९८९ला काजू फॅक्टरीच्या संपात तुला पक्षातून काढलं, त्या ठरावाला हात वर करणाऱ्या सातांपैकी आता मी एकटा जिवंत आहे. मी आत्मटीका केली तर ठराव मागे घेता येईल म्हणतात. रिवाज तुला माहीत आहे, स्वतः लिहायची आणि सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची.

मी सातवी नापास माणूस. चार दिवस खपून दोन पानं केली, नक्कल सोबत जोडली आहे. नेतृत्वाची संकुचित दृष्टी, वर्गजाणिवेचा अभाव, माझी डळमळीत मध्यमवर्गीय वृत्ती, सगळं घातलं आहे. काही राहिलं असेल तर कळव. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, त्यामुळे जीव सारखा खालीवर होतो.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.
तुझा,
भिकाजी


कातळवाडी
५ नोव्हेंबर

चि. भिकास,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पानं चष्मा पुसपुसून वाचली. चांगली आहेत. कुणाच्याही नावावर खपतील. आयुष्यभर गवंडीकाम केलेला तू मध्यमवर्गीय कधी झालास, ते मात्र कळलं नाही. रशिया कोसळल्याचंही लिहिलं आहेस, तेव्हा तो कोसळलाही नव्हता. फक्त फाटक कुठे दिसलं नाही.

म्हातारपणी विसरला असशील म्हणून आठवण देते. संपाचा अकरावा दिवस, भर दुपार. शेवंताला साप चावला. गावात गाडी एकच, मालकाची जीप. मी बंगल्यावर मागायला गेले, तेव्हा सोबत कोण होतं? तू होतास. मी आत गेले, तू फाटकाशी उभा राहिलास. जीप मिळाली, बाई जगली, तिचीच नात आज तुमची सेक्रेटरी आहे. तिसऱ्या दिवशी बैठकीत माझ्यावर आरोप आला, की मी मालकाला गुपचूप भेटले, संप विकला. मी कशाला गेले होते ते कुणी पाहिलं आहे का, असं सगळ्यांना विचारलं गेलं. मी तुझं नाव घेतलं नाही. वाटलं, तू आपणहून उठशील. शेवंता इस्पितळातून परत येईपर्यंत ठराव झाला होता, आणि केलेला ठराव मागे घ्यायची आपल्या पक्षाला सवय कुठे होती!

शाखेला काय लिहायचं ते लिही. पण आधी मिथुनला सांग. आठ वर्षांचा पोर माझ्या दारावरून तोंड फिरवून जायचा. एकदा तर शाळेतल्या पोरांबरोबर उभा राहून, ठकुबाई मालकाची, अशी घोषणा दिली त्याने. आवाज फार गोड होता.

औषध वेळेवर घे. लोभ आहे तेवढाच आहे, वाढवून मागू नये.
तुझी ताई


शारजा
२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र फिलोमिनाबाईंनी आणलं. दहा दिवस उशीखाली ठेवून होतो. मागच्या रविवारी मिथुनला समोर बसवलं आणि फाटकाचं सांगितलं. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी मला तालुका कमिटीवर घेणार होते, तेही सांगितलं. सख्ख्या बहिणीविरुद्ध हात वर करणारा खरा कॉम्रेड म्हणून टाळ्या पडल्या होत्या, तेही. त्या टाळ्या मला आवडल्या होत्या, ताई. पक्ष, शिस्त, वृत्ती, हे सगळं मी त्यावर घातलेलं पांघरूण होतं.

मला वाटलं, मिथुन रागावेल. तो लिफ्टने खाली जाऊन पाण्याकडे बघत बसला. वर आला तेव्हा त्याच्या कॅम्पचं सांगू लागला. इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत कामगारांच्या खोल्या आहेत, त्यांची देखरेख तो करतो. चिपळूणकडच्या राहुल नावाच्या मुलाने उन्हाळ्यात तक्रार केली होती, की टाकीचं पाणी वास मारतं. हापिसातून मिथुनला विचारलं, खरं का. टाकी त्याने स्वतः पाहिली होती. तरी म्हणाला, मला माहीत नाही. राहुलला खलास, म्हणजे नोकरी संपली, म्हणून घरी पाठवलं. हे सांगून मिथुनने मला विचारलं, की बाबा, हे मी तुमच्याकडूनच शिकलो का.

काल शाखेची बैठक झाली. मिथुननेच फोन धरला, घाबरला नाही. मी हॉलमध्ये टीव्हीसमोर उभं राहून नवं एक पान वाचलं. अस्मीने पाठीमागून खुर्ची आणून लावली, पण मी बसलो नाही. मग संजनाने ठराव मांडला. फोनवर सगळ्यांचे हात वर झालेले दिसले. मीही केला. एकमताने मंजूर झाला. तू कोपऱ्यात बसलेली दिसलीस, पण तुझा चेहरा फोनच्या बाहेर गेला होता.

हे पत्र मिथुन स्वतः पोस्टात टाकणार आहे. आता तरी तू माझ्यावर लोभ धरावास.
तुझा,
भिकाजी


कातळवाडी
२० डिसेंबर

चि. भिकास,
अनेक आशीर्वाद.

एकमताने नव्हतं ते. माझा हात खाली होता. कुणी मोजला नाही.

पोरं चांगली आहेत, संजनाने हार आणला होता, कार्डसुद्धा नवं करून आणलं होतं. पण तेव्हा मला काढताना मला कुणी विचारलं नाही आणि आता घेतानाही विचारलं नाही. तेच हात वर, त्याच टाळ्या. कार्ड परत दिलं. संजना रडली. मग मी तिला जवळ घेऊन सांगितलं, की बाई, पुढच्या वेळी हात मोजण्याआधी ज्याच्यावर ठराव आहे त्याला विचारत जा. एवढं शिकलात तरी पन्नास वर्षं फुकट गेली नाहीत.

तुझं पान मात्र ठेवून घेतलं आहे. त्यात फाटक आहे.

परवा संजनाच्या फोनवर मिथुन दिसला. मला ऐकू येत नाही म्हणून त्याने वहीचा कागद समोर धरला. आत्या, येऊ का, असं लिहिलं होतं. अक्षर तुझ्यासारखंच वाकडं. मी मान हलवली. तूही ये.

वाट बघते आहे, हाच लोभ समज.
तुझी ताई


शारजा
११ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरने माझं हृदय तपासून विमानाला नाही म्हटलं. मिथुनने कपाटातून पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला, तोच मी उशीखाली ठेवला आहे. आता तो माझ्याजवळ आहे आणि उपयोग काहीच नाही.

मिथुन उद्या निघतो, हे पत्र त्याच्याच हाती. येताना तो चिपळूणला राहुलच्या घरीही जाणार आहे. कॅम्पची नोकरी राहील की जाईल ठाऊक नाही, टाकीचं खरं काय ते त्याने हापिसात लिहून दिलं आहे. मला भीती वाटते, त्यालाही वाटते, पण त्याने पाठवण्याआधी कागद मला वाचून दाखवला आणि देऊ का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

तो तुझ्या घरापाशी येईल तेव्हा बाहेरच थांबेल, स्वभाव माझाच आहे. त्याला फाटकाशी उभा ठेवू नकोस. हाताला धरून आत घे.

माझ्या वाटचा लोभ त्याला द्यावा.
तुझा,
भिका