कुठेच न चावणारे बूट

शुक्र. ४ नोव्हें. २०१६, माबेला

सकाळी चर्चमध्ये मिस्सा. घरी येऊन भांडण. विषय: माझे पाय. डॉक्टरीणबाईंनी साखरेचा रिपोर्ट बघून दोन गोष्टी सांगितल्या, रोज चाला आणि चालायला चांगले बूट घ्या. फिलूने बूट तेवढे धरून ठेवलेत. बायको आहे की फोरमन, कळत नाही. मी म्हटलं, अगं, सोहारला कंपनीच्या स्टोअरमध्ये मी वर्षानुवर्षं सेफ्टी बूटच वाटतोय. मला बूट शिकवू नकोस.

'बरं,' म्हणाली. म्हणजे विषय संपलेला नाही.

जानेवारीत कंपनीची मेडिकल. पास झालो तर व्हिसा पुढे, नाहीतर खलास, आखात सोडून चला वसईला. पोरगी, शेरन, अजून नववीत. मधेच शाळा सोडवून न्यायची, तीही तिथल्या... नको आत्ता.

मंगळ. ८ नोव्हें., सोहार, कॅम्प

एक चांगली गोष्ट. पायाला मुंग्या यायच्या, तळवे जळायचे, ते हल्ली बंद आहे. कारल्याचा रस लागू पडला म्हणायचं. फिलूला फोनवर सांगितलं. खूश झाली.

रात्री मेसमध्ये जेवायला गेलो तर कूक हसायला लागला. 'भाई, एक चप्पल किधर?' बघतो तर डावा पाय उघडा. रूमपासून तसाच चालत आलेलो. चप्पल वाटेत वाळूत पडलेली. डोक्यात स्टोअरचा हिशोब घोळत होता, दुसरं काय.

शनि. १२ नोव्हें., माबेला

घेतले बूट एकदाचे. फिलू आणि शेरन दोघी बरोबर. सेल्समन केरळचा, पाय मोजून म्हणाला नऊ नंबर, तोही रुंद. मी लग्नापासून आठ घालतो. तरी घालून बघितला नऊ. छे. पायात काही आहे असंच वाटेना. मग आठ घातला. त्याने पाय कसा धरला. कितीतरी दिवसांनी पाय जागच्या जागी असल्यासारखा वाटला.

सेल्समन मागेच लागला. 'साब, नौ लो, उँगली दब रही है.' मी म्हटलं, उँगली मेरी है ना?

स्टोअरमध्ये माणसांना करायला लावतो तीच टेस्ट स्वतःला लावली. घाल, चाल, उकिडवा बस, ऊठ. मग विचारायचं, काटता है? हो म्हणाला तर पुढचा नंबर. नाही म्हणाला तर सही कर आणि यल्ला, चालू लाग. ही टेस्ट आजवर चुकलेली नाही. गावाहून भाऊ दरवर्षी त्याच्या पोरांची पावलं पुठ्ठ्यावर काढून पाठवतो, त्यावरून इथे बूट घेतो, एकही जोड परत आलेला नाही. असा आपला हात.

शेरनने विचारलं, 'डॅडी, कुठे चावते?'

कुठेच नाही, म्हटलं. खरंच कुठेच नाही.

शुक्र. २५ नोव्हें., माबेला

मिस्सा झाल्यावर चर्चची मंडळी वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात, चालायला. नुसते गोटे आणि रेती. आमच्यातला बस्त्याव नेहमीप्रमाणे मागे. त्याची टाच सोलली, बसला बूट काढून कण्हत. मी सगळ्यांच्या पुढे. मधे बसून खजूर खाल्ले, बुटातली रेती झटकली, परत निघालो. बस्त्याव म्हणाला, 'कुठून घेतलेस रे बूट? तुला काहीच कसं होत नाही?' बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

घरी आलो, दारात बूट काढले, आत जाऊन पंख्याखाली बसलो. शेरन आली. 'डॅडी, फ्लोअरवर रेड आहे. तुझे आहे ते.'

दारापासून खुर्चीपर्यंत लादीवर माझा डावा पाय उमटलेला.

मोजा काढला. अंगठ्याशेजारच्या बोटाची वरची कातडी गेलेली, नख काळं. खाली तळव्यात खड्डा. फिलूने बूट उलटा करून आपटला तर खजुराची बी पडली.

ती बी पायाखाली घेऊन मी अख्खी परतीची वाट चाललो. गप्पा मारत.

फिलू म्हणते, उद्याच डॉक्टरकडे. मी म्हटलं, ड्रेसिंग करू, बरं होईल. आवाज चढवला. भीती वाटली म्हणून चढवला.

बुध. ३० नोव्हें.

पाय सुजला. आज गेलोच. फिलूला बाहेर बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळे मिटा, पायाला टोचलं की 'हो' म्हणा. मिटले. वाट बघत बसलो. बराच वेळ झाला तेव्हा म्हटलं, मॅडम, करा सुरू.

'झालं,' म्हणाल्या.

मुंग्या बंद झाल्या तेही रसाने नाही. मुंग्या कळण्याएवढंही पायात उरलं नाही म्हणून. मग बुटाचा नंबर विचारला. आठ म्हटल्यावर मान हलवली. म्हणे, माझ्यासारखे पेशंट नेहमी एक नंबर लहान घेतात. मापाचा बूट त्यांना सैल वाटतो. घट्ट असला तरच पायात काही आहे हे कळतं.

रागावलो त्यांच्यावर. आधी सांगायला काय झालं होतं? त्या म्हणाल्या, 'तुम्ही मुंग्या थांबल्याचं मला आधी सांगायचं होतं.'

फिलूला बाहेर येऊन फक्त एवढं सांगितलं की गोळ्या बदलल्यात.

सोम. ५ डिसें.

सुट्टीवर. बोट काळं पडत चाललंय. वास येतो. सगळ्यांना येतो, बोलत कोणी नाही. बस्त्याव सुरमई देऊन गेला, पायाकडे न बघता.

फिलूला सगळं सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कॉर्नफ्लेक्सचा खोका फाडून आणला, माझा डावा पाय त्यावर ठेवला, पेन्सिल फिरवली. मग उजवा. कातरीने कापून उजव्या पायाचं पाऊल आठ नंबरच्या बुटात सरकवलं. पुढे दुमडलं, कडेने वर चढलं. तिने काढून परत घातलं. परत दुमडलं.

आम्ही तिघं बघत बसलो. गावच्या पोरांसाठी पुठ्ठा लागतो आणि मला लागत नाही, असं समजत होतो मी. गाढव.

शनि. १० डिसें.

उद्या ऑपरेशन. सर्जन म्हणाले, उघडल्यावर ठरेल. हाड चांगलं असेल तर बोट राहील, नाहीतर जाईल. त्याच्या पुढे गेलं असेल तर... ते वाक्य त्यांनीही पुरं केलं नाही. मेडिकलचं विचारलं तर म्हणाले, आधी पाय. त्यांना काय, त्यांचा व्हिसा थोडाच अडकलाय.

संध्याकाळी फिलू आणि शेरन पुठ्ठे घेऊन दुकानात गेल्या. मला नेलंच नाही. नऊ नंबर, रुंद, आणला. फिलू म्हणाली, 'बरा झालास की लागतीलच.' उजवा घालून बघितला.

'कसा वाटतो?'

चांगला आहे म्हणणार होतो, तोंडात आलंच होतं.

'माहीत नाही,' म्हटलं.

शेरनने बूट ओढून घेतला, आत हात घातला, पार टोकापर्यंत चाचपलं. 'काही नाही आत. मी रोज चेक करणार. तू नाही करायचे.' बरं, म्हटलं. पोरीसमोर डोळे भरून आले, लाज वाटली, तरी आले.

डावा बूट खोक्यातच आहे. डाव्या पायाचा पुठ्ठा फ्रीजवर. फिलू आवरताना टाकायला निघाली होती. ठेव म्हटलं. हाच चालेल की नवीन कापावा लागेल, ते उद्या कळेल.