डाव्या हाताची भिंत

९ फेब्रु.
चावी मिळाली, कुलूप उघडेना. खोबरेल तेल घालून अर्धा तास उन्हात बसून राहिले, मग उघडलं. तीन खोल्या, पुढे ओटा, मातीच्या भिंती, वर टिन. अनसिंगमध्ये बारा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलल्या, आता ही आपली. विकणारे काका-काकू भाजीच्या मळ्यात स्लॅबचं घर बांधून गेलेत. हे तीन वर्षं बंद होतं.
दिवसभर नुसती फिरत होते. स्वयंपाकघरात छताला लोखंडी कडी, पाळण्याची असेल. चौकटीवर नखाने ओढल्यासारख्या रेघा, त्या कशाच्या कोण जाणे. आणि बाहेर, फाटकाजवळच्या भिंतीत एक छोटा कोनाडा. आत एकही नाही आणि हा बाहेर का? दिवा ठेवत असतील. पण काजळी नाही. बोट फिरवून पाहिलं, स्वच्छ.

११ फेब्रु.
मानोऱ्याला बाबांना फोन. मातीचं घर घेतल्याचं सांगितलं. 
"इतकी शिकली, शायेत नोकरी करते, अन् चिखलात जाऊन बसली. काहून वं शिले?"
चाळीस वर्षं सिमेंटचं गवंडीकाम केलेला माणूस. मी म्हटलं, जेवढं परवडलं तेवढं घेतलं. खरं कारण नाही सांगितलं. मधली खोली त्यांच्यासाठी आहे. आई जाऊन दोन वर्षं झाली, तिथे एकटे राहतात, उजवा हात थरथरतो, मागच्या महिन्यात उकळतं दूध पायावर घेतलं. ते शेजारणीकडून कळलं, यांच्याकडून नाही. सरळ 'राहायला या' म्हटलं तर येणारच नाहीत. काम आहे म्हटलं तर येतील. पाहू.

१६ फेब्रु.
आले. पिशवीत दोन धोतरं, थापी, रंधा, ओळंबा. "दोन दिवसांत पाहून जातो."
भिंतीला ओळंबा लावला, डोळा बारीक केला. "वाकडी नाई," म्हणाले. जरा हिरमुसलेच. वाकडी निघावी अशी फार इच्छा असणार.
बाहेरच्या कोनाड्यापुढे मात्र उभे राहिले. दोन बोटं आत घालून तळ चाचपला.
"हे बुजवून टाकू."
"का?"
"ओल जाते."
तिथे पाऊस लागतच नाही, वरून टिन हातभर पुढे आलंय. बाबा कामाच्या बाबतीत उगाच बोलत नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

२० फेब्रु.
स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला सिमेंट. बाबांचा हट्ट: एक भिंत तरी माणसात आणू. मी माल कालवला, त्यांनी जाळी ठोकली आणि थापी चालवली. उजवा हात ऐकेना तेव्हा डाव्याने मनगट धरून. जी भिंत एका दिवसात झाली असती तिला तीन दिवस लागले, पण झाली अशी गुळगुळीत की पाटीसारखं तिच्यावर लिहावं. "आता घर वाटते," म्हणाले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा स्वतःहून दुसऱ्यांदा चहा मागितला.

२८ फेब्रु.
दोन दिवसांचे बारा झाले. परतीचं नाव नाही, मीही काढत नाही. सकाळ-संध्याकाळ बादली-मग घेऊन भिंतीला पाणी मारतात. "सिमेंटले पानी पाजा लागते. जेवढं पाजलं तेवढं दगड."
वाशिमच्या जुन्या दार-खिडक्यांच्या दुकानातून हिरव्या काचेची खिडकी आणली. चार तावदानांपैकी एक फुटकं, म्हणून स्वस्त. तिथे शाळेतल्या जुन्या नकाशाचा तुकडा लावला. दुपारी ओट्यावर हिरवा उजेड पडतो, मी त्यात मुद्दाम पाय ठेवून बसते.
आईच्या दोन सुती साड्यांचे पडदे केले.  नंतर पाहिलं तर बाबांनी दोरी ताणून बांधली होती, मी ढिली सोडलेली.

८ मार्च
भिंत वाजते. डबा ठेवताना कोपर लागला आणि ढब आवाज आला. बोटाने ठोकत गेले, मधला सगळा भाग पोकळ. खाली ओल्या मातीचा वास. बाबांना सांगितलं नाही.

११ मार्च
पडली. शाळेतून आले तर दाराएवढा पापुद्रा जाळीसकट खाली, आणि बाबा त्याच्यासमोर पाटावर. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक.
"माल चांगला होता."
"चांगलाच होता बाबा."
"पानी मीच पाजलं. मातीनं पेलं सगयं." मग पापुद्रा उलटा करून, "सिमेंटनं तिले कोंडलं. सुकूच नाई देल्लं."
फार वाईट वाटलं. ज्या मेहनतीने त्यांची आजवरची प्रत्येक भिंत टिकली, त्याच मेहनतीने ही पडली. केरसुणी घेऊन उगाच झाडत राहिले.
झाडताना दिसलं. सिमेंटने जुन्या चुन्याचे सगळे थर सोबत ओढून आणलेत. खाली मूळ मातीचा गिलावा उघडा पडलाय आणि त्याच्यावर बोटांच्या कमानी. चार-चार रेघा, एकीला लागून दुसरी, खालून वरपर्यंत. कुणीतरी हाताने सारवत नेलेली भिंत. जशीच्या तशी.

१२ मार्च
प्रयोगशाळेतून भिंग आणलं. परिचर असल्याचा एवढा फायदा तरी व्हावा. पापुद्र्याच्या कडेवर चुन्याचे थर मोजले: पांढरा, निळसर, पांढरा, एक हिरवट (कुणाला हौस आली होती?), पुन्हा पांढरा. एकतीस. दिवाळीला दरसाल एक धरला आणि वर बंद पडलेली तीन वर्षं, तर चौतीस. म्हणजे मी नऊ वर्षांची होते तेव्हाची ही बोटं. मध्ये एखादं साल सुटलंही असेल.
कमानी डोक्याच्या थोड्या वरपर्यंत आहेत, तिथून पुढे नुसतं थापलेलं. बाई माझ्याच उंचीची किंवा जरा ठेंगणी.
बाबा मागून, "काय पाहून राह्यली एवढं?" मग स्वतःच जवळ आले. भिंतीपुढे उजवा हात हवेत फिरवला, मग डावा. परत उजवा.
"बाई डावखुरी होती."
"कशावरून?"
"कमान उलटी चढते. अन् पाह्य, हात टेकला तिथं रेघ खोल हाये, सुटला तिथं उथय. खोल बाजू डावीकडं हाये सगयीकडं."
भिंगातून पाहिलं. खरंच.
 आई डावखुरी होती. भाकर डाव्याने थापायची, वाढायची मात्र उजव्याने, लोक बोलतात म्हणून.

१३ मार्च
डोकं त्याच्याभोवतीच फिरतंय. जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिते. मी लहान असताना बाबा आठ-आठ महिने नाशिककडे कामावर असायचे. आई आणि मी आजोळी, इथून दोन कोसांवर. दिवाळीआधी आई रोजाने घरं लिपायला अनसिंगला यायची. कोणाकडे, माहीत नाही. एकदा मी सोबत होते, मोठ्या चिंचेखाली बसवलं होतं मला. या घरापुढे चिंच नाही. खोडसुद्धा नाही.
बाबांना विचारलं, आई कधी बोलली होती का.
"मी घरी असतो तर बोलली असती." मग, "डावखुऱ्या बाया कमी हायेत का दुनियेत?"
हे त्यांनी भिंतीकडे तोंड करून म्हटलं.

२३ मार्च
सुट्टी. मळ्यात काकूंकडे गेले. वांगी तोडत होत्या. घर कसं आहे, टिन गळतं का, सगळं विचारलं. मग मी भिंतीचं काढलं.
"लिपायले दोन-तीन बाया येत. नाव कोन इचारते मा? ओ बाई म्हनलं का झालं."
"एखादी डावखुरी?"
हात थांबला. "होती एक. काम लै साफ तिचं. सासूबाई दुसऱ्या बाईले त्या भिंतीले हातच नोयत्या लावू देत."
"तिच्यासोबत पोरगी असायची?"
"नाई सांगता येत बापा."
"दारात चिंच होती का?"
"चिंच? नाई. निंब होता."
एक पारडं वर, एक खाली. निघता निघता कोनाड्याचं विचारलं. खरं तर सहज. काकू वांग्यांकडे पाहू लागल्या.
"ते... तुमच्यावाल्या बायांचा कप राहे तिथं. चहा वरून वतो आमी. तवा तसंच होतं पोरी. मी नव्यानंच आल्ती, मले कोन इचारे."
मग आत नेऊन खुर्चीवर बसवलं, स्वतःबरोबर चहा दिला, पिशवीभर वांगी दिली. चहा प्यायले, वांगीही आणली. रस्त्यात राग आला. काकूंचा आला, आणि इतके दिवस दिवा-काजळी करत बसले त्या स्वतःचाही आला. लोकांचे थर मोजत होते आणि हे दिसलं नाही.

२४ मार्च
बाबांना सांगितलं.
"मले पहिल्या दिवशीच समजलं."
"मग बोलला का नाहीत?"
"हौसेनं घेतलं तू. कायले बोलू." नंतर जेवताना, "तुह्या मायनं लोकाईच्या चिखलात हात घालू नये म्हनून मी सिमेंट शिकलो. अन् तिनं हे असं करून ठेवलं होतं, मले मालूमच नाई."
'तिनं' म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.
धीर करून म्हटलं, मधली खोली तुमच्यासाठी घेतली आहे, इथेच राहा. घर नकोसं वाटत असेल तर विकू, दुसरं पाहू.
"पाहू," म्हणाले. आणि मग, "तेरा तारखेच्या गाडीनं जातो. जयंतीले आपल्या गावात पाह्यजे मी."
चौदा एप्रिलच्या जयंतीला मानोऱ्यात त्यांची बसायची जागा ठरलेली, ते कळतं. पण मला रडू आलं. वांगी तिखट होती असं म्हटलं.

२९ मार्च
भिंत अशी ठेवता येत नाही, कडा ढासळताहेत. मी काही म्हणायच्या आत बाबा: "चिखलच लागन."
पांढरी माती, गव्हाचा भुसा, शेण, पाणी. ओट्यापुढे आळं करून कालवला. मी तीन बरण्यांत तीन ठिकाणची माती पाण्यात हलवून ठेवली होती, वाळू किती बसते ते पाहायला. बाबांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली आणि मधली बरणी दाखवली. माझ्या मापानेही तीच निघाली. विज्ञानाला एक दिवस लागला होता.
"आता आठ दिवस कुजू दे. रोज उलथा करा लागते, नाईतर भेगा पडतात."
"तुम्हाला कसं माहीत?"
"नवीन लग्न झाल्तं तवा पायाखाली तुडवला ना तिच्यासंग. मंग सोडून देल्ला."

७ एप्रिल
चिखल पिकला. वास येतो, पण वाईट नाही. बाबांनी सवयीने थापी घेतली, माती थापीला चिकटून खाली आली. दोनदा, तीनदा. उजवा हात थरथरत होता. थापी बादलीत टाकली आणि डाव्या हाताने गोळा घेऊन भिंतीवर मारला. तो हात थरथरत नाही. हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं, कारण त्याला कधी काम दिलंच नव्हतं.
सगळ्या कडा सांधल्या. जुन्या कमानींना लागून नव्या. नव्या जाड आणि वेड्यावाकड्या आहेत. मधला दाराएवढा जुना भाग तसाच ठेवला.
"इथं चुना देऊ नको."
देणार नव्हतेच.

१० एप्रिल
चुना झाला, नीळ आणि डिंक घालून. खालून वीतभर गेरूचा पट्टा. सुतळी धरून सरळ काढला तरी बाबांना एका जागी बोटभर फरक दिसला. मला नाही दिसला.
कोनाडा राहिला होता. बुजवू का, विचारलं.
"राहू दे." आतून बोटाने बारीक चिखल फिरवून गुळगुळीत केला. "जयंतीच्या संध्याकायी मेनबत्ती लाव तिथं."
"तुम्ही इथे असता तर तुम्हीच लावली असती."
चिखलाचं बोट पुसलं आणि बादली उचलून नेली.

१२ एप्रिल
उद्या दहाची गाडी. पिशवी भरून दारात ठेवली आहे. मी भाकरी-पिठलं बांधून देणार.
दुपारी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली गेले. निंब काकू म्हणाल्या तोच. मागे, शेजारच्या कुंपणापलीकडे मोकळी जागा आहे. तिथे पूर्वी काय होतं, विचारायला हवं. अजून विचारलं नाही. 'काहीच नव्हतं' असं कुणी म्हटलं तर?
पाचच्या सुमारास ओट्यापुढे खणल्याचा आवाज. बाबा धोतर खोचून मातीचं आळं करत होते. भुसा टाकला, शेण टाकलं, पाणी सोडलं. डाव्या हाताने.
"आता हा कशाला? स्वयंपाकघर झालं ना."
"मधली खोली राह्यली."
त्यांचीच खोली. मी आळ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.
"आठ दिवस कुजावा लागतो म्हणाला होतात."
"आठ तं लागतीनच." हात धुतले, पाटावर बसले. "रोज उलथा करा लागते."
उद्या गेले तर तो कुणी करायचा, ते सांगितलं नाही.  पिशवी दारातच आहे.