जिन्याखालचे दोन दगड

ती. आत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (पंधरा दिवसांपासून गुडघा धरलाय, तेव्हा सध्या अर्धाच घातलाय, उरलेला समक्ष भेटीत घालीन.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? थेंब घातले की झोप येते असं तू मागे लिहिलं होतंस. ती थेंबांमुळे येत नाही गं, थेंब घालायला तू आडवी होतेस म्हणून येते. नवा चष्मा नाकावरून घसरत असेल तर काड्या ओढून वाकवत बसू नकोस, माझ्याकडे पाठव. इकडे सगळे खुशाल आहेत, आमच्या मोरीतला नळ सोडून. सगळं प्रकरण त्या नळापासूनच सुरू झालं, पण ते नीट कळायला आधी भिंतीचं सांगायला हवं.

बाबा गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या आणि मधे भिंत आली, इतकं तुला ठाऊक आहे. आम्ही बोलेनासे का झालो हे मात्र तुला दोघांनीही धड सांगितलेलं नाही. दादाने सारा जन्म जमीन मोजणीच्या खात्यात काढला, तेव्हा भिंतीची जागा आखायला फीत त्याच्याच हातात असणार. भिंत चार बोटं माझ्या बाजूला सरकली. चार बोटांचं मला काही नव्हतं, पण चष्म्याच्या दुकानाची सवय जिभेवर बसलेली, मी म्हणून गेलो की दादा, तुझा नंबर बदललेला दिसतोय, एकदा दुकानात येऊन बसून जा. यात वाईट काय बोललो सांग. दिवसाला दहा माणसांना मी हेच सांगतो आणि ती आभार मानून जातात. पण मोजणीदाराला तुझे डोळे तपास म्हणणं म्हणजे आचाऱ्याला तुझी जीभ तपास म्हणण्यासारखं आहे, हे मला आमच्या हिने, तुझ्या धाकट्या सुनेने, रात्रभर समजावलं. तोवर दादा फीत गुंडाळून गेला होता. तेव्हापासून चार वर्षं अबोला. बरं, अबोला तरी साधा असावा? त्याने माझ्या दुकानासमोरच्याच दुकानातून चष्मा केला आणि तो घालून रोज माझ्या दारावरून फिरायला जाऊ लागला. (फ्रेम अगदी शोभत नाही त्याला. घुबडासारखा दिसतो. हे त्याला कळवू नकोस.)

गेल्या महिन्यात कानावर आलं की दादाने त्याची बाजू विकायला काढलीये. लेकीच्या गावी जाऊन राहणार म्हणे. गिऱ्हाईक दोनदा घर बघून गेलं. मला रीतसर कुणी सांगितलं नाही, भिंतीला कान लावून कळलं. (भिंतीचा एवढा एकच उपयोग झाला.) मी वरवर म्हणालो, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. आणि त्याच दिवशी दुकानात एका आजोबांना त्यांच्या नातीचा चष्मा बांधून दिला. मला वाईट वाटलं गं आत्या. भिंतीपलीकडे तो खोकला की मला कळतं पाऊस येणार, आणि उद्या तिथे कुणीतरी परका माणूस खोकणार, हे काही मनाला पटेना.

तर नळ. माझ्या मोरीत पाणी मुरायला लागलं, प्लंबर बोलावला, त्याने पहारीने कोपऱ्यातला मोठा चौकोनी दगड उचकटला, उलटा केला, आणि हातातली पहार खाली ठेवून कपाळाला हात लावला. दगडाच्या खालच्या अंगाला सगळं कोरीव काम. शेजारीशेजारी सरळ रेघा, मधे एक वळसा, सात भोकं आणि कोपऱ्यात ठसठशीत फुली. दोन्ही मोऱ्या पाठीला पाठ लावून असल्यामुळे गळती शोधत तो पलीकडे गेला, तर दादाच्या मोरीतही तस्साच दगड. त्यावर शिडीसारख्या खुणा आणि एक अर्धगोल. आता प्लंबर माणूस कामाला चोख, पण तोंडात तीळ भिजत नाही. खजिन्याचा नकाशा आहे, अर्धा तुमच्याकडे, अर्धा तुमच्या भावाकडे, असं त्याने दोन्ही घरांत आणि वाटेत शिंप्याच्या दुकानात सांगून टाकलं.

दोन दिवस मी माझ्या अर्ध्याकडे बघत बसलो, तो त्याच्या अर्ध्याकडे बघत बसला असणार. दोन तुकडे जोडून बघायचे तर जोडायचे कुठे? माझा दगड त्याच्या घरी जाणार नाही, त्याचा माझ्याकडे येणार नाही. वाटणीत फक्त जिन्याखालची जागा वाटायची राहिली होती, कारण तिथे कुणालाच ताठ उभं राहता येत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मी माझा दगड फरफटत तिथे नेला, तर दादा त्याचा दगड घेऊन आधीच वाकून उभा. चार वर्षांत त्याने माझ्याशी बोललेले पहिले शब्द होते, "धर तिकडून." मी धरलं. (गुडघा धरला तो तेव्हाच.)

आणि मग सुरू झाला रोज पाचचा वाद. त्याची गोडी तुला कशी सांगू! दादाचं म्हणणं, नकाशा म्हटला की वरची बाजू उत्तर, सात भोकं म्हणजे हद्दीचे सात खांब, एका बोटाला दहा पावलं हे प्रमाण, आणि फुली म्हणजे माल. माझं म्हणणं, दगड पालथा बसवला होता त्याअर्थी तो आरशात बघून वाचायचा, म्हणजे डावं ते उजवं. दादा म्हणाला, असा नकाशा त्याच्या उभ्या नोकरीत त्याने पाहिला नाही. मी म्हणालो, असा खजिनाही त्याने पाहिला नसेल. शिंपीकाका कात्री गळ्यात अडकवूनच आले, दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले की हा कोटाचा बेत आहे, शिडी म्हणजे टाके, अर्धगोल म्हणजे काखेचा कट, आणि सात भोकं ही बटणं. सात बटणांचा कोट कोण घालतो असं विचारल्यावर ते म्हणाले, ज्याच्याकडे खजिना असतो तो. तुझ्या दोन्ही सुनांचं मत एकच आहे आणि ते फक्त मोरीची फरशी कधी बसणार एवढंच आहे, कारण सगळं घर सध्या चिखलात आंघोळ करतंय. पण चहा दोघी आळीपाळीने पाठवतात.

पहिलं खोदकाम मोठ्या भावाच्या मानाने दादाच्या अर्थाप्रमाणे झालं. त्याने जुनी फीत काढली, माझ्याच अंगणात गुलाबाशेजारी खूण केली, आणि दोन हात खोल गेल्यावर पहार ठण्णकन वाजली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात पाणी उडालं. आदल्याच आठवड्यात प्लंबरने टाकलेला नवा पाइप होता तो. प्लंबर हसतहसत पुन्हा आला. दुसरं खोदकाम माझ्या अर्थाप्रमाणे आरशात बघून दादाच्या परसात झालं, आणि तिथे खरोखरच काहीतरी सापडलं: पत्र्याच्या खेळण्यातल्या मोटारीचं एक चाक. मोटार त्याची होती की माझी, आणि चाक कुणी तोडलं, यावर दोन दिवस गेले. दादा बोलताबोलता इतका रंगला की घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्याने दारातूनच सांगितलं, खजिन्याचा निकाल लागेपर्यंत घर विकायचं नाही. मी ते ऐकलं आणि आत जाऊन तोंड धुतलं.

आता खरी गोष्ट. परवा दुकानात एक म्हातारे पाथरवट आले, जवळचं दिसत नाही म्हणून. अक्षरओळख नाही, तेव्हा त्यांना वाचायला काय द्यावं? खिशात दगडावरून उतरवून घेतलेला नकाशाचा कागद होता, तोच समोर धरला. भिंग बदलत गेलो. तिसऱ्या भिंगाला त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "अहो, हा तर आमच्या कारखान्यातला चाचणीचा दगड." छिन्नीला धार लावून आणली की ती कामावर लागण्याआधी एका टाकाऊ दगडावर चालवून बघायची असते, रेघ सरळ जाते का, वळते का, भोक पडतं का. आपण स्टेशनरीच्या दुकानात पेन घेण्याआधी कागदावर गिरगटून बघतो, अगदी तसं. असे दगड भरले की फरशीला स्वस्तात विकून टाकायचे, चांगली बाजू वर करून. फुली म्हणजे काय, मी विचारलं. म्हणाले, फुली म्हणजे दगड भरला, आता यावर मारू नका.

आत्या, मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण मी कागदाची घडी घालून तो परत खिशात कोंबला. हे दादाला कळलं की उद्या पाच वाजता जिन्याखाली कोण येणार? दगड मोरीत पालथे जातील, तो भिंतीपलीकडे जाईल, आणि महिन्याभरात लेकीच्या गावी. मी पाथरवटांना आमची सगळी हकीकत सांगितली, दुकानातली सगळ्यात चांगली फ्रेम घातली आणि हात जोडले की हे कुणाला सांगू नका. ते माझ्याकडे बघून बराच वेळ हसत राहिले. नवा चष्मा लागला की काही माणसांना असं हसू येतं, तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही.

बाकी सगळं क्षेम. थेंब विसरू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र एवढं लांबवलं त्याचं कारण सांगायचं राहिलंच. घरात त्या काळचं आता तुझ्याशिवाय कुणी नाही, त्यामुळे ह्या दगडांबद्दल तुला विचारावं असं दादाच्या मनात आहे. आजोबांनी ते स्वस्तात आणले असणार हे तुला पक्कं आठवत असेल. तर आत्या, आयुष्यात एकदा माझ्यासाठी खोटं बोल. फार नको. एवढंच लिही की आजोबा कधीकधी जिन्यापाशी उभे राहून बोटांवर काहीतरी मोजायचे आणि कुणी आलं की गप्प व्हायचे. एवढ्यावर आमचे दोनतीन हिवाळे निघतील.

ता. क. २ : लिफाफा चिकटवणार तोच दादा दुकानात आला. चार वर्षांत पहिल्यांदा पायरी चढला. हातात त्याचा लिफाफा, तुझा पत्ता हवा होता. मी पत्ता सांगत होतो, तो लिहून घेत होता, आणि मान वर न करताच त्याने विचारलं, "त्या पाथरवटबाबांना चष्मा लागला का नीट?" मी म्हणालो, लागला. तो म्हणाला, चांगला माणूस, मागच्या आठवड्यात माझ्याकडे आला होता फरशीचं माप घ्यायला, जिन्याखालचे दगडही हाताने चाचपून गेला. मग त्याने लिफाफा माझ्या टेबलावर ठेवला आणि मी त्यावर तिकीट लावलं. जाताना म्हणाला, "उद्या पाचला ये. तुझ्या त्या आरशाच्या बाजूने परत एकदा बघू." दोन्ही पत्रं एकाच पेटीत टाकतोय. त्याने जे काही मागितलं असेल, त्यालाही हो म्हण.