टबात वारं नसतं

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज परत बाहेरून कुलूप. सुलेखा भाजीला गेलीय. बायकोनं नवऱ्याला कोंडायचं — वा! क्रांती चौकात चक्कर येऊन स्कूटरवरून पडलो, त्याला वर्ष होत आलं. पण मागच्या महिन्यात गुपचूप औरंगपुऱ्यात गेलो अन् दुकानाच्या पायरीवर कोसळलो, तेव्हापासून हे कुलूप. "तुम्ही सांगून ऐकत नाय," म्हणे. नाय ऐकत. कैद्यानं कशाला ऐकायचं?

बोट मात्र होत आली. शिडाची, रिमोटवर चालणारी. पोटाखाली पातं, पात्याच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा. तो कोणत्या कोनात चिकटवायचा, एवढंच राहिलंय. कामावरचा जुना दोस्त राजकुमार दर रविवारी हर्सूल तलावावर त्याची बोट सोडतो. मला जायचंय. बास.

१२ नोव्हेंबर

बुडबुड्याची लेव्हलपट्टी लावून बघितली. तिरकं. टेबल तिरकं का माझं डोकं, तेच समजंना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आठवड्यानं नळाला पाणी आलं. सुलेखानं धुणं बाजूला ठेवून मोठा टब भरून दिला. बोट तरंगवली, पाण्याच्या रेघेवरून कोन धरला. गोळ्याचं नाक मुद्दाम जरासं वर.

"वाकडं दिसतंय हो."

म्हटलं, टबात वारं आहे का? शिडात वारं भरलं की बोट पुढं झुकती, तेव्हा गोळा सरळ येतो. घरात तो वाकडाच दिसणार.

चिकटवताना गोळा घसरायला लागला. तिनं गोळा धरला. घट्ट होईपर्यंत तशीच बसली. मी आपला धुसफुसतोय — हलू नको, हलू नको.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुण्याहून अभयचा फोन. "बाबा, तलावाच्या काठावर? डॉक्टर काय म्हणालेत?" पोरगा बापाला शिकवतोय. लई संताप झाला. ताट सरकवलं. सुलेखाला म्हटलं, तुझं बरंय, किल्ली तुझ्या हातात. तिनं ताट उचलून नेलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

उठलो तर बोट नाही, सुलेखाही नाही. दाराला कुलूप.

थोड्या वेळानं राजकुमारचा व्हिडिओ कॉल. तलाव, वारं, अन् माझी बोट! पाणी कापत निघालेली, पुढं झुकलेली, पण नाक जरासुद्धा बुडत नव्हतं. "वहिनी चालवतायत, बघ," राजकुमार म्हणाला अन् फोन फिरवला. पदर खोचलेला, केस उडालेले, रिमोट दोन्ही हातांत. हसत होती, मोठ्यानं.

गोळा सरळ आला का, ते बघायचं विसरलोच मी. मी पडल्यापासून ही भाजीपलीकडं कुठं गेली? आठवून बघितलं. इथं जवळ लासूर स्टेशन गावात तिच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं, तिथंही नाही गेली.

घरी आली तर परत तोंड बारीक. "रागावलात का?"

मी उठून तिला पाणी आणून दिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ती भाजीची पिशवी घेऊन निघाली. मी पिशवी काढून घेतली, हातात बोट दिली. म्हटलं, सावकाश ये. कुलूप बाहेरून लाव.