सहा महिन्यांचं रक्त

भामरागड तालुका, १० जुलै

चि. दीपिकास, दादाचा जोहार.

पुरानं टॉवर बंद, म्हणून हे पत्र डोंग्यातून जाणाऱ्या आशाताईंच्या हाती देतो. गावात सिकलसेल तपासणीचं शिबिर झालं. तुझ्या तीन महिन्यांच्या भाचीचं रक्त नळीत टाकलं, पाणी गढूळ झालं नाही. म्हणजे सिकलसेल नाही! मी नि रुखमा दोघंही वाहक, पोरीला आजार उतरेल ही धाकधूक संपली. पोरगी गुटगुटीत आहे. आता उगाच टोचाटोची काऊन, असं आई म्हणते. धानाची रोवणी झाली की तिच्या नावाचं जेवण. कोंबडा राखलाय.

माया कमी करू नको.
विनोद

चंद्रपूर, १८ जुलै

ती. दादास, सा. जोहार वि. वि.

कोंबडा खाईन, पण आधी भांडेन. बहीण दिवसभर रक्त तपासते आणि तू शिबिरातल्या नळीवर विसंबलास! अरे, पोटातल्या बाळाचं रक्तच निराळं. ते प्राणवायू आपल्यापेक्षा घट्ट धरतं, म्हणून तर आईच्या रक्तातून ओढून घेतं. सिकलसेलमध्ये रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, तसं ते वाकतही नाही. जन्मल्यावर सहाएक महिन्यांत ते सरतं आणि मोठ्या माणसाचं रक्त त्याची जागा घेतं. एवढ्या लहान बाळाचा आजार त्या नळीला दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी असते. आपली धाकटी बहीण सुकरी सात महिन्यांपर्यंत गुटगुटीतच होती. मग तापानं गेली. तो हाच आजार असणार हे तेव्हा कुणाला कळत नव्हतं, आता मला कळतं. पाणी उतरताच पोरीला घेऊन या. आई रागावली तर माझं नाव सांग.

रागावलास तरी जिव्हाळा असू दे.
तुझी दीपिका

भामरागड तालुका, २८ सप्टेंबर

चि. दीपिकास, वहिनीचा जोहार.

ऑगस्टमध्ये तुझ्याकडे तपासणी झाली, पोरीला आजार आहे असं तू सांगितलंस, तेव्हा मी रडले आणि तुझे दादा तुझ्याशी बोलणंच टाकून बसले. पण तिथून आणलेलं औषध एक दिवस चुकवलं नाही.

परवा पोरीचे हातपाय सुजले, ताप चढला. आई म्हणाल्या, दात येऊन राह्यले, उतरन उद्या. यांनी ऐकलं नाही. तिला छातीशी बांधून चार कोस चालत दवाखाना गाठला. औषध चालू होतं नि वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. आज ताप नाही. दूध पिऊन झोपली आहे.

स्वतः लिहायला हे लाजतात. म्हणाले, दीपिकाले लिही, मी रागावलो नोहतो, मले सुकरी आठवून भेव वाटे.

जेवणाला ये, वाट पाहतो.
रुखमा