पालीच्या गाऊनवरचा डाग

मी, शैला गुणवंत नाचणकर, वय ६८, राहणार जेसल पार्क, भाईंदर पूर्व, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोळे अधू झालेत, डोकं नाही. खरं तर कलम तीनसाठीच हा खटाटोप आहे.

१. राहती जागा मुलगा निकेत याला. सून मिनल हिने भिंतींना हवा तो रंग द्यावा, माझी हरकत तेव्हा कोण ऐकणार आहे.

२. पुतण्या जितेंद्र याला काही नाही. काकू गाऊन शिवते म्हणून तो चारचौघांत हसायचा. त्याला गाऊन म्हणजे बायका दूध घ्यायला घालून उतरतात तेवढाच माहीत. मी नाटकांसाठी शंभर वर्षांपूर्वीच्या मडमांचे झगे शिवायचे. कमरेत काड्या, मागे फुगवटा, जमिनीवर लोळणारा घेर.

३. पत्र्याच्या पेटीतला पांढरा रेशमी गाऊन पाली गावच्या मार्थाबाईंच्या नातीला द्यावा. १९८४ साली मार्थाबाईंनी आपल्या आजीचा लग्नातला गाऊन मुलीच्या मापाचा करायला आणला होता. माझी शिवणकामातली जोडीदारीण अंबिका हिने आधी त्याच्या घेराची कळी न् कळी मापून कागदावर उतरवली आणि मला बजावलं, "इस्त्री लावू नको, रेशीम विरलंय." मी लावली. समोरच तळहाताएवढा डाग पडला. मार्थाबाई आल्या तेव्हा मी अंबिकाचं नाव सांगितलं. ती शेजारीच उभी होती. चपला घालून निघून गेली. पुढे तिला कोणी शिवण दिलं नाही, आणि मार्थाबाईंची मुलगी लग्नाला दुसऱ्याकडून मागून आणलेल्या गाऊनमध्ये चर्चला गेली. डाग मी पाडला होता. मला याची फार लाज वाटते. पेटीतला गाऊन मी अंबिकाच्याच कागदांवरून दोन वर्षं खपून शिवला, पण पालीला जायची छाती झाली नाही. हे कलम मार्थाबाईंच्या घरी मोठ्याने वाचावं. गाऊन नेताना इस्त्री करू नये.

४. पायमशीन आणि मोठी कात्री अंबिकाला. (रद्द. शै. ना.)

खुलासा: काल अंबिकाला पेणकरपाड्याहून बोलावून हा कागद वाचायला दिला. तिने दोनदा वाचला, मग साक्षीदार कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठरले नाहीत, पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये असं वकील सांगतात.

ती म्हणाली, "मग मशीन खोडून टाक. सही मी करतेय."

स्थळ: भाईंदर पूर्व
दिनांक: ९ डिसेंबर २००६
सही: शैला गुणवंत नाचणकर

साक्षीदार:
१. रुचिता उत्तम राणे, शेजारी
२. अंबिका नाथा म्हात्रे, शिवणकाम. स्वतः वाचून सही केली.