घरटी एक माणूस

१४ नोव्हेंबर १९५९

पाय सोलवटले. कालवांच्या कडा कशा लागतात हे नागावात जन्मलेल्याला कोणी सांगायला नको, तरी आज पुन्हा अनवाणी उतरलो. धक्क्याचं काम आता दुसऱ्या उधाणात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातच पाणी लांब हटतं, तेही उजाडताना. तेवढे चार-पाच दिवस काम, मग पुढच्या उधाणापर्यंत सुट्टी. सगळं श्रमदान. कोळीवाड्यात एकसष्ट घरं, घरटी एक माणूस. मी नगरपालिकेचा कारकून, हजेरीपट माझ्याकडे. नाव पुकारायचं, "हाय" आलं की हजर. हजर त्याला मुकादम सखाराम घमेलं देतो.

नावं घरपट्टीच्या यादीवरून घेतली. बाप बाहेरगावी असला तर मुलगा "हाय" म्हणतो, मी बापापुढे खूण करतो. कुणाचं काही अडत नाही.

१५ नोव्हें.

घर नं. ३७, हरी बाळू. हा तीन वर्षांमागे जाळ्याबरोबर पाण्यात गेला. होडी परत आली, हा आला नाही. प्रेतही नाही. त्याच्या जागी बायको चांगुणा येते. हरीचं नाव घेतलं की ती रांगेतून खणखणीत "हाय" म्हणते आणि बायका पदराआड हसतात. सखाराम म्हणाला, नाव बदलून तिचंच लावा की. लावलं असतं. पण त्याला वारसनोंद, वारसनोंदीला मृत्यूचा दाखला, दाखल्याला आणखी काही. कागदी घोडे कोण नाचवणार? हरीपुढे खूण केली. अक्षर छान येतंय या टाकाने.

१७ नोव्हें.

सखारामकडून कळलं ते असं. चांगुणेला उरणकडच्या एकाने मागणी घातलीय. लक्ष्मण नावाचा, बिजवर, माणूस बरा. जमातीत बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, पण कोळीवाड्याचा पाटील नवरा मेल्याचा कागद मागतो. मागे असाच एक जण बुडाला म्हणून बायकोचा पाट लावला आणि तो दोन वर्षांनी वेरावळहून चालत घरी आला. त्याच्यानंतर पाटील तोंडी काही ऐकत नाही. तोवर चांगुणा सासूच्या घरात. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि दिवसभर सासूची बोलणी. वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. वाईट वाटलं. पण आपण भले नि आपलं काम भलं.

१ डिसेंबर

अमावास्येचं उधाण. स्वच्छ उजाडलं होतं. हरी बाळू पुकारलं, "हाय" आलं, खूण केली, पुढे गेलो. दोन नावं झाल्यावर लक्षात आलं की आवाज पुरुषाचा होता. जरा घोगरा. काम सुटल्यावर चौकशी केली तर चांगुणा तापाने घरी पडलीय, आज आलीच नव्हती. कुणीतरी चेष्टा केली. उद्या धरतो.

२ डिसें.

आज रांगेच्या कडेला उभं राहून, एकेकाच्या तोंडाकडे बघत पुकारलं. हरी बाळू म्हटलं तेव्हा एकाचंही तोंड हललं नाही. "हाय" आलं. पाण्याकडच्या टोकाला जो शेवटचा माणूस उभा होता, त्याच्याही पलीकडून. तिथे नुसता चिखल आणि पाणी. तो शेवटचा माणूस वळून बघतसुद्धा नव्हता.

डोकी मोजली. साठ. पटावर खुणा एकसष्ट. सखारामने घमेली वाटली तीही एकसष्ट.

"एकसष्टावं कुणाला दिलंस?"

"खाली ठेवला व्हता, भाऊ. कोनीतरी उचलला."

३ डिसें.

आपल्या बांधकामाच्या टोकापुढे एक दगड आहे. आजच्या ओहोटीलाही तिथे कमरेइतकं पाणी होतं. टाकलेला नाही, बसवलेला. दोरी लावून बघितली. आपल्याच ओळीत, एक बोटभर इकडे-तिकडे नाही. आमचा गवंडी इतका सरळ बसवत नाही.

नगरपालिकेतल्या साहेबांना सांगणार होतो. काय सांगणार?

१४ डिसें.

आज हरीचं नाव गाळलं. छत्तीसवरून सरळ अडतीस. कुणी हललं नाही. अडतीसवाल्याने "हाय" म्हटलंच नाही. सगळे माझ्याकडे बघत उभे. शेवटी पाटील शांतपणे म्हणाला, "एक नाव ऱ्हायला, भाऊ."

"तो माणूस नाही म्हणून गाळलं."

"त्या घरचा मानूस आलाय. नाव घ्या. पानी चरंल, भरती लागंल."

घेतलं. आलं. मग सगळे कामाला लागले, गप्पा मारत, रोजच्यासारखे. भीती फक्त मला वाटतेय की काय? इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, आणि तेही साठ माणसांत.

१५ डिसें.

चांगुणा ताप उतरल्यावर आज आली. उतरलेला चेहरा. तिला कुणी सांगितलं होतं की नाही, माहीत नाही. हरी बाळू पुकारलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात "हाय" आलं. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ती चिखलात खाली बसली.

काम सुटल्यावर माझ्यामागून आली. "भाऊ, आवाज त्याचाच का?"

मी म्हटलं, मी त्याला कधी ऐकलेलंच नाही. तुम्ही सांगायचं.

 मग म्हणाली, "मना न्हाय ओलखत. तीन वरसां झाली. आवाज कसा व्हता तोच इसरले मी." आणि रडली. नवरा गेल्यावर रडली नसेल एवढी. मी पट काखेत धरून नुसता उभा राहिलो.

१६ डिसें.

सासू आली ऐकायला. ऐंशीला टेकलेली, काठी टेकत. खडकावर बसली. आवाज आला तशी काठी बाजूला ठेवली. "त्योच," म्हणाली. तिला ओळखायला एक क्षण लागला नाही. सुनेकडे वळून बघितलंही नाही.

दगड आता सात. टोकापुढे पाण्यात ओळीने चाललेत.

२२ जानेवारी १९६०

चार दिवस नागावला घरी. संक्रांत उलटून गेली तरी बायकोने तिळगूळ राखून ठेवला होता. सुपारी उतरवायची होती, माणसं लावली. बायको म्हणाली, हाक मारली की ओ का देत नाही तुम्ही? चार-चारदा हाक मारावी लागते. खरं आहे. हाक आली की मी आधी थांबतो. दुसरं कुणी ओ देतंय का ते ऐकतो. तिला सांगितलं नाही. म्हटलं, कानात मळ झालाय. तिने तेल कोमट करून घातलं.

३० जाने.

बायका चांगुणेला म्हणत होत्या, "त्याचा काम त्योच करताय, तू कशाला मरतंस?" घरटी एक माणूस ठरलं होतं, त्या घरचा माणूस येतो. हिशेब चोख. तरी ती आली आणि घमेलं न घेता, हाताने दगड वाहत राहिली.

१६ फेब्रुवारी

चांगुणा ऑफिसात. धुतलेलं लुगडं, सोबत कोणी नाही. लक्ष्मण होळीपर्यंत थांबेल, पुढे नाही. मामलेदार कचेरीत जाऊन आली होती. होडीच्या नाखव्याचा जबाब तिथे आहेच. नगरपालिकेने एक ओळ द्यायची, की हा इसम तेव्हापासून गावात कुणाला दिसलेला नाही. मग ते मृत्यू नोंदवतील.

कागद घेऊन आत गेलो. साहेबांनी तो वाचला, मग माझा हजेरीपट मागवला आणि बोट ठेवलं. हरी बाळू, हजर. हजर. हजर. परवापर्यंत.

"मेलेला माणूस श्रमदान करतो काय हो?"

म्हटलं, साहेब, बायको त्याच्या जागी...

"मग तसं लेखी द्या. पहिल्या दिवसापासून खोटी हजेरी मांडली म्हणून. तुमच्या सहीने. मग मी ती ओळ देतो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लेखी दिलं तर चौकशी, बावीस वर्षांची नोकरी आणि नाव दोन्ही गेलं. नाही दिलं तर ही बाई जन्मभर तिथेच, त्या म्हातारीच्या चुलीपाशी. बाहेर बाकावर ती बसली होती. मी म्हटलं, उद्या बघू. तिने मान हलवली. किती जणांनी तिला उद्या म्हटलं असेल.

१८ फेब्रु.

तीनदा खर्डा केला. "वरील इसम एकही दिवस हजर नव्हता" असं लिहितो आणि टाक थांबतो. नोव्हेंबरातली हजेरी खोटी, कबूल. डिसेंबरपासूनची? कानांनी ऐकलेली आहे. खोटं कुठलं आणि खरं कुठलं, हे लिहायला आपल्याकडे रकाना नाही.

दुपारी म्हातारी दारात. कुणी सांगितलं कोण जाणे. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच बसली. "भाऊ, माज्या पोराला मारू नको." एवढंच. पाणी दिलं तेही प्यायली नाही.

२० फेब्रु.

चांगुणा आणि पाटील दोघे आले. तिचं म्हणणं साधं आहे. जिवंत नवरा पंचांसमोर बायकोला सोडतो, तिला पाटाला मोकळी करतो, हा जमातीचा रिवाजच आहे.

"हजेरीला बोलतंय ना त्यो? तेवरा जिवंत हाय, तर मना सोरायला पन जिवंत हाय. इचारा त्याला."

पाटील जमीन न्याहाळत होता. शेवटी म्हणाला, येत्या उधाणात पंच बसवू.  ही अडाणी बाई आम्हा सगळ्यांपेक्षा पुढे गेली आणि मी बावीस वर्षं कागद वाचतोय.

२७ फेब्रु.

लिहून ठेवतो, उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पाच पंच धक्क्याच्या दगडांवर बसले. म्हातारी खडकावर. चांगुणा रांगेत. वारा पडलेला. मी सुरुवातीपासून पुकारत गेलो. छत्तीस झाले. हरी बाळू. "हाय." नेहमीसारखंच, जरासं घोगरं.

पाटील उभा राहिला. पाण्याकडे तोंड करून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलला. "हरी, चांगुना पाटाला जातंय. तिला सोरतंस का?"

काही नाही.

दुसऱ्यांदा विचारलं. काही नाही.  तिसऱ्यांदा विचारताना पाटील दोन पावलं पाण्यात गेला. इतका वेळ ओहोटीचं पाणी दगडांतून खळखळत होतं, तेही आता ऐकू येईना. तिथे कुणीतरी होतं. नुसतं होतं असं नाही, ऐकत होतं. हे मला जसं आज कळलं तसं आधी कधीच कळलं नव्हतं, आणि मला त्याची दया आली. मेलेल्या माणसाला आपण काय विचारत होतो.

मग चांगुणा रांगेतून बाहेर आली. "घरटी एक मानूस. त्या घरची मी आले हाय. त्याच्या नावावर मी बोलले तवा चाललं, आता पन मीच बोलते. सोरला."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, बाईने नवऱ्याच्या नावाने स्वतःलाच सोडायचं, असा पायंडा नाही. पाटील माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमच्या पटावर हिचा हाय चालला व्हता ना?"

साठ माणसं बघत होती. म्हटलं, चालला होता. मीच चालवला.

"मग तसा लिवून द्या. नगरपालिकेचा कागद आला का आमी मानू."

म्हणजे फिरून माझ्याच दारात. पण लिहीन. आज ठरवलं. म्हातारी उठून चालू लागली, काठी खडकावरच विसरली.

९ मार्च

साहेबांना लिहून दिलं. पहिल्या दिवसापासून हजेरी बायकोच्या हजेरीवर मांडली, जबाबदारी माझी. डिसेंबरचा वेगळा उल्लेख केला नाही. साहेब म्हणाले, होळीनंतरच्या उधाणात मी स्वतः हजेरीला येतो. त्या नावाला कुणी ओ दिली नाही आणि तुम्ही गैरहजर मांडलंत, की त्याच दिवशी ओळ देतो. माणूस वाईट नाही. लक्ष्मणालाही निरोप गेला, तो थांबायला कबूल झाला.

१५ मार्च

साहेब कोरड्या जागी छत्री घेऊन उभे. चांगुणा वर रस्त्यावर, रांगेत नाही. हे तिचं तिनेच ठरवलं. शेजारी एक माणूस होता, तोच लक्ष्मण असावा.

पस्तीस. छत्तीस. हरी बाळू.

नुसतं पाणी. मी मनात वीस मोजले. पुन्हा पुकारलं. टोकाकडे पाहिलं, पुढची दगडांची ओळ पाहिली. काहीच नाही. साहेबांनी मान हलवली, मांडा म्हणून. मी टाक टेकवला.

"हाय."

म्हातारी. रांगेच्या शेवटी, गुडघाभर पाण्यात, लुगडं खोचून. केव्हा उतरली कुणी पाहिलं नाही. सखारामपुढे हात पसरून घमेलं मागत होती. "घरटी एक मानूस ना? त्या घरची मी आले." आवाज खणखणीत, ऐंशी वर्षांच्या बाईचा वाटेना.

सखारामने घमेलं दिलं. काय करणार, नियम आहे. तिने एक दगड घातला, दोन्ही हातांनी उचललं आणि चालू लागली. आपल्या बांधकामाकडे नाही. पुढे, पाण्यातल्या त्या ओळीकडे. कमरेइतक्या पाण्यापर्यंत गेली, तिथे दगड ठेवला आणि परत आली. कुणी तिला धरलं नाही. मीही नाही.

चांगुणा वरून माझ्याकडे बघत होती. साहेब म्हणाले, "काय मांडलंत?"

म्हटलं, पाणी चढतंय साहेब, आधी काम होऊ दे. पट घरी घेऊन आलोय. ३७ चा आजचा रकाना कोरा आहे. उद्या पहाटे परत नाव घ्यायचं.